समुद्राचं विरजण

आमच्या माडीवरच्या खोलीत फरशीवर दोन पांढरे चौकोन उमटलेले आहेत. घासून जात नाहीत. सूनबाईनं दोनदा ॲसिडची बाटली आणली, दोन्ही वेळा मी ती लपवून ठेवली. "आत्या, येणारे-जाणारे विचारतात, हे डाग कशाचे," म्हणते. म्हटलं, मग सांग की. सांग, इथं समुद्र होता.

लातुरात समुद्र म्हटलं की लोक हसतात. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं कुठला समुद्र? पण होता. तीन वर्षं होता, काचेच्या दोन टाक्यांत, आणि त्याला सांभाळणाऱ्या बाई आमच्या भाडेकरू होत्या. कॉलेजात सूक्ष्म जीवांचा विषय शिकवायच्या. गल्ली त्यांना समुद्रवाल्या मॅडम म्हणायची, मी नुसतं मॅडम म्हणायची, आणि त्या मला आक्का म्हणायच्या. आमच्या उदगीरकडं मोठ्या बहिणीला आक्का म्हणतात. त्या नांदेडच्या. पण पहिल्याच दिवशी त्यांनी ते नाव उचललं ते उचललंच.

आल्या त्या दिवसाचं सांगते. टेम्पोतून एक गादी उतरली, एक कुकर उतरला, आणि मग मिठाची पोतीच पोती. आमचे मालक दुकान सोडून दारात येऊन उभे राहिले. आमचं भुसाराचं दुकान, पोतं दिसलं की त्यांचा हात आपोआप चाचपायला जातो. चाचपलं, चाटून बघितलं, आणि मला आत येऊन हळूच म्हणाले, "ही बाई लोणच्याचा कारखाना टाकून राहिली वाटतं."

मी वर जाऊन विचारलं तर मॅडम शिडीवर. शिडीवरूनच म्हणाल्या, "समुद्र करायचाय, आक्का. पाणी गाळून घ्यायचं, त्यात हे मीठ. मग त्यात पोवळी."

पोवळं म्हणजे आपल्याला अंगठीतला लाल खडा माहीत. मंगळ असला की घालतात तो. मॅडमकडं पोवळी आलीत म्हटल्यावर गल्लीतल्या दोन बाया पोरींच्या पत्रिका घेऊन आल्या होत्या, खरं सांगते. मॅडमनी त्यांना न हसता टाकीपाशी नेलं. आत सुपारीपेक्षा थोडे मोठे आठ तुकडे, तपकिरी, त्यांच्यावर बारीक बारीक बोटं उघडमीट करून राहिलेली. "हे जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या. "समुद्रातून तोडलेली नाहीत, तोडणं गुन्हा आहे. ही टाकीत वाढवलेली. हा सरकारी परवाना." आणि खरंच, परवान्याचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलेला. शेजारी आई-वडिलांचा फोटो, त्याला हार नाही, आणि परवान्याला मात्र दर सोमवारी फूल.

आता त्यांच्या सवयी. मे महिन्यात स्वेटर घालायच्या. वरची खोली यंत्र लावून गार ठेवलेली, तिथून तशाच खाली यायच्या, दुकानात जायच्या, भाजी घ्यायच्या. भाजीवाली विचारायची, "मॅडमला थंडीताप हाय का?" अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्म्याला बुटाची नाडी. जेवायच्या उभ्यानं. मी पाट मांडला तरी उभ्यानंच. "बसलं की विचार पण बसतात, आक्का."

आणि नमस्कार नाही करायच्या. सकाळी जिन्यावरून ओरडायच्या, "आक्का, सव्वीस!" म्हणजे टाकीचं पाणी सव्वीस डिग्री, सगळं ठीक आहे. मीही खालून म्हणायची, "सव्वीस!" आमच्या मालकांना हे कळायला महिना लागला. तोवर त्यांना वाटायचं, आम्ही दोघी कसला तरी आकडा लावून राहिलोत. अजूनही फोन आला की तिकडून पहिला शब्द आकडाच असतो. मागं एकदा सत्तावीस म्हणाल्या, तर माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

सगळ्यात मोठी सवय म्हणजे वास घेणं. माणसाचा स्वभाव, भाजी, पाऊस, पेपर, सगळ्याचा आधी वास. टाकीतल्या एकेका पोवळ्याच्या अंगावरची बुळबुळ सुईविना सिरिंजनं ओढून घ्यायच्या, वाटीत सोडायच्या, डोळे मिटून हुंगायच्या आणि वहीत एक शब्द लिहायच्या. चांगल्या दिवशी "ओला दगड". कधी "विहिरीचा कठडा". मी एकदा विचारलं, "मॅडम, काहून हुंगता? ते काय अत्तर हाय?"

"पोवळ्याच्या अंगावर बुळबुळ असते, तिच्यात लाखो मंडळी राहतात," त्या म्हणाल्या. सूक्ष्म जीवांना त्या मंडळीच म्हणायच्या. "चांगली मंडळी असली की वाईटाला जागा मिळत नाही. समुद्र तापला की आधी ही मंडळी बदलतात. चांगली जातात, उपद्रवी बसतात. पोवळं मागाहून पांढरं पडतं आणि मरतं. सगळी दुनिया पांढरं पडल्यावर बघते. मला आधी बघायचंय."

"मग समुद्रकाठी जाऊन बघायचं न्हाई का? लातुरात कशाला?"

"नोकरी इथं आहे," म्हणाल्या, आणि मग हसून, "आणि उन्हाळा बघा ना, आक्का. तापलेल्या पाण्यात पोवळं कसं जगेल ते तापलेल्या गावातच कळणार. इथं ऊन मागवावं लागत नाही."

माझं शिक्षण चौथी. बाकी जे काही वाचलं ते दुकानाच्या रद्दीतून, पुडी बांधायच्या आधी. त्यामुळं मला गोष्टी अर्ध्याच कळतात, कारण कागद अर्धाच असतो. पण ही गोष्ट मला पुरी कळली, आणि ती कळली दह्यामुळं.

झालं असं, की पहिल्याच उन्हाळ्यात मॅडम खाली आल्या आणि माझ्या दह्याच्या मडक्यापाशी थबकल्या. मी त्या दिवशी वैतागलेली. दह्यानं तार धरलेली, म्हणजे पळी वर घेतली की गोंदासारखी दोरी निघते तसं. उन्हाळ्यात एखादा दिवस होतंच असं. मी ते गाईला टाकायला निघाले, तर मॅडमनी मडकंच धरलं.

"थांबा. कालचा वास कसा होता?"

"काल बरा होता, पण थोडा उग्र होता. भेंडी चिरून ठेवली की येतो तसा. मी तेव्हाच म्हटलं, उद्या हे बिघडणार."

मॅडम माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मला वाटलं माझ्या कपाळावर काहीतरी लागलंय. "म्हणजे तार दिसायच्या आधी तुम्हाला वासावरून कळलं?"

"त्यात काय मॅडम, सगळ्या बायांना कळतं."

"सगळ्या बायांना कळतं," त्यांनी तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मग मला वर घेऊन गेल्या आणि त्यांच्या जंतू बघायच्या दुर्बिणीत डोळा लावायला सांगितला. एका काचेवर कालचं दही, एकीवर आजचं. यव्वा! मी चाळीस वर्षं दही लावून राहिले, पण आत एवढी गर्दी असते हे मला माहीत नव्हतं. कालच्यात माळेचे मणी आणि काड्या, शिस्तीत. आजच्यात भलतेच कोणीतरी घुसलेले. मी डोळा काढेना. खाली मालक ओरडून राहिले की गिऱ्हाईक आलंय, चिल्लर कुठंय. म्हटलं, आज दुकान तुमचं तुम्ही बघा.

"आता हे दही कसं सुधारणार?" मॅडमनी विचारलं.

मी त्यांना पट्टी दाखवली. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माझ्या आईनं कोऱ्या मांजरपाटाची पट्टी दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, पदराच्या गाठीला बांधून दिली होती. कोमट दुधात पट्टी टाकायची, माहेरचं दही लागतं. तेव्हापासून मी दर हिवाळ्यात, दही सगळ्यात गोड असतं तेव्हा, नवी पट्टी वाळवून डब्यात ठेवते. उन्हाळ्यात बिघडलं की जुनं सगळं टाकायचं, मडकं तापवायचं, पट्टी टाकायची. उदगीरचं विरजण अजून चालू आहे. सासू गेली, दीर वेगळे झाले, विरजण तेच आहे.

मॅडमनी ती पट्टी हातात घेतली, उजेडात धरून बघितली. मग पट्टीला हुंगलं आणि म्हणाल्या, "हिवाळ्यातली मंडळी राखून ठेवायची."

त्या हिवाळ्यात त्यांनी तेच केलं. पोवळी ठणठणीत होती तेव्हा त्यांच्या अंगावरची चांगली मंडळी घेऊन, काचेच्या थाळ्यांत वाढवून, एकेक ओळखून, बाटल्यांत भरून फ्रिजात ठेवली. बाटल्यांवर चिठ्ठी लावली, "विरजण". कॉलेजातल्या लोकांना म्हणे फार नवल वाटलं. जगात दुसरीकडं पण लोक पोवळ्यांवर असं करून बघतायत, असं त्या मला म्हणाल्या. पण त्यांच्या चिठ्ठीवर विरजण लिहिलेलं नसेल, एवढं मी सांगते.

दुर्बिणीत दिसतं ते सगळंच ओळखता येत नाही, त्यामुळं दर आठवड्याला बुळबुळीचे नमुने नांदेडला जायचे. तिथल्या प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली हे सगळं काम चाललेलं. त्यांच्या सहीवर परवाना, त्यांच्या सहीवर टाक्या. मॅडम नमुने माझ्या चहाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीनं न्यायच्या. लोह्याच्या स्टँडवर एका बाईनं म्हणे "ताई, घोटभर चहा द्या हो" म्हणून थर्मास मागितला. मॅडमनी तिला स्टँडवरचा चहा पाजला, पण थर्मास मांडीवरून हलवला नाही.

मोठे साहेब कडक होते. वाईट नव्हते, कडक होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, की जूनमध्ये मी स्वतः येऊन बघणार. पांढरं पडायच्या आधी कळतं, आणि राखलेल्या मंडळींनी पोवळं सावरतं, या दोन गोष्टी दाखवता आल्या तर काम पुढं. नाही तर टाक्या बंद, पोवळी परत. मॅडमनी हे मला सांगितलं ते जिन्यात उभ्या राहून, हातात ताट. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पायरीवर बसल्या. मॅडम बसल्या म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

आणि नेमका त्याच मे महिन्यात आमच्या गल्लीचा डीपी जळाला.

सकाळी अकराला धडाम झालं आणि पंखे थांबले. मॅडमचा इन्व्हर्टर हवेचे पंप ओढत होता, पण पाणी गार ठेवणारं यंत्र त्याच्यावर चालेना. कॉलेजला गेलेल्या मॅडमना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, परीक्षेचं काम सोडून येते, तोवर थर्मामीटर बघत राहा. मी वर बसले. सत्तावीस. अठ्ठावीस. बाहेर ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. साडेअठ्ठावीस. मला राहवेना.

आपण पाण्याचा माठ कसा गार ठेवतो? ओलं पोतं गुंडाळून. मी खाली धावले, मालकांना म्हटलं, पोती द्या. "कसली?" "कसली पण द्या, समुद्र तापलाय!" त्यांनी गठ्ठ्यातून चार काढून दिली. मी ती नळाखाली भिजवली, दोन्ही टाक्यांना गुंडाळली, वरून झाकणावर टाकली, आणि हातपंख्यानं वारा घालत बसले. आकडा तीसवर थांबला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

मॅडम आल्या, घामानं भिजलेल्या. पोतं उचललं. हुंगलं. परत हुंगलं.

पोती हळदीची होती.

वसमतकडची हळद आमच्याकडं येते. पोतं झटकलं तरी धाग्यात बसलेली असतेच. घाईघाईत भिजवताना मला रंग दिसला नाही, आणि झाकणाच्या फटीतून पिवळं पाणी थेंब थेंब दोन्ही टाक्यांत उतरलेलं. जखमेवर आपण हळद कशाला लावतो? जंतू मरावेत म्हणून. मी तर मॅडमच्या मंडळींनाच हळद लावली होती.

मी तिथंच फरशीवर बसले आणि रडायला लागले. "मॅडम, मी तुमचं वाटोळं केलं हो."

मॅडमनी काय केलं? आधी घड्याळ बघून वेळ लिहिली. मग लिहिलं, "पाणी तीस. हळद, दोन्ही टाक्या, सारखी." मग म्हणाल्या, "आक्का, उठा. पोती नसती तर आकडा तीसवर थांबला नसता. हळदीचं नुकसान किती, उकाड्याचं किती, आता वेगळं करता येणार नाही, म्हणून दोन्ही लिहिते. आता बर्फ आणा."

वीज दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आली. तोवर सगळी गल्ली बर्फ आणून राहिली. पिशव्यांत बांधून, टाकीत सोडून. तरी आकडा एकतिसाला जाऊन आला. ज्या बाया पाण्यावरून मॅडमशी भांडायच्या, "आम्हाला घागरभर न्हाई आन् हिच्या दगडांना टाकीभर," म्हणायच्या, त्याच रसवंतीवाल्याकडून लादी घेऊन जिना चढल्या. खरं तर मॅडम स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करायच्या, समुद्राला पाणी पुरावं म्हणून. ते त्यांना मीच मागं सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून आवाज आला, "आक्का, सव्वीस," पण बारीक. मी वर गेले. पोवळी रंगानं होती तशीच. मॅडमनी आठ वाट्या पुढं केल्या. "मी लिहिलंय. तुम्ही हुंगा, आणि तुमच्या शब्दात लिहा."

मी आठही हुंगल्या. आठही एकच. "भेंडी," मी म्हटलं.

मॅडमनी वही उलटून दाखवली. त्यांनीही तेच लिहिलेलं. त्याच सकाळी त्या थर्मास घेऊन नांदेडच्या एसटीत बसल्या, नमुने साहेबांच्याच प्रयोगशाळेत दिले, तारखेची पावती घेतली आणि संध्याकाळच्या आत परत.

मी विरजणाच्या बाटल्या काढून ठेवल्याच होत्या. मॅडमनी निम्म्या आत ठेवल्या.

"हे काय?"

"एकाच टाकीला द्यायचं, आक्का. चार पोवळ्यांना. दुसऱ्या टाकीतल्या चारांना नुसतं खारं पाणी, तेवढेच थेंब."

"अहो काहून? औषध घरात असून चार लेकरं तशीच ठेवायची?"

"आठांना दिलं आणि आठही वाचली, तर कशानं वाचली ते कोण सांगणार? साहेब म्हणतील, वीज आली म्हणून वाचली."

"म्हणू द्या! वाचली हे खरं का न्हाई?"

"आक्का," त्या म्हणाल्या, "आठ वाचवायची असती तर मी आठांनाच दिलं असतं. मला समुद्रातली वाचवायचीत. तिथं किती आहेत, मोजता येत नाहीत."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट जिन्यावर ठेवायची आणि मागं फिरायची. सव्वीस म्हटलं तरी उत्तर द्यायची नाही. कोणत्या टाकीला द्यायचं ते त्यांनी नाणं उडवून ठरवलं, आणि नाणं उडवायला आमच्या मालकांना बोलावलं, म्हणजे आपला जीव आडवा यायला नको. छापा आला. खिडकीकडच्या टाकीला विरजण.

रोज पंप थांबवायचा, थेंब थेंब पोवळ्यावर सोडायचा, थोडा वेळ थांबायचं, पंप सुरू. दोन्ही टाक्यांना तेवढाच वेळ, तेवढेच थेंब, एकात विरजण, एकात खारं पाणी. तिसऱ्या दिवशी माझा राग गेला आणि मी वर जाऊन बसले. वास मीच घ्यायला लागले. खिडकीकडच्या टाकीचा वास आधी भेंडी, मग काहीच नाही, मग एका सकाळी, मी वाटी नाकाशी धरली आणि हातातच धरून राहिले. "मॅडम! ओला दगड!"

दाराकडच्या टाकीचा वास मात्र अंड्यावर गेला. दोन-तीन दिवसांनी तिथली पोवळी पांढरी पडायला लागली. टोकापासून, हळूहळू, जशी खडूची होत जावीत. दोन पुरतीच गेली. मॅडमनी ती बाहेर काढली तेव्हा चष्मा नाडीवर सोडून दिला होता, म्हणजे नीट दिसू नये. दोन तग धरून राहिली, फिकी, कशीबशी. आणि खिडकीकडची चारही तपकिरीच्या तपकिरी, बोटं उघडून.

जूनमध्ये मोठे साहेब आले. सफारी, कपाळावर आठ्या, हातात फाईल. आधी टाक्या बघितल्या. बराच वेळ वाकून बघितल्या. मग सरळ होऊन म्हणाले, "चार वाचली. चार म्हणजे फार नाहीत, मॅडम."

"फार नाहीतच," मॅडम म्हणाल्या. "चार वाचली म्हणजे समुद्र वाचला असं मी कुठंच लिहिलेलं नाही. पुढं करून बघण्याजोगं आहे, एवढंच लिहिलंय."

साहेबांना हे आवडलं असावं, आठ्या दोनच उरल्या. "आणि पांढरं पडायच्या आधी कळतं, त्याचं काय?"

मॅडमनी नांदेडची पावती आणि निकालाचा कागद पुढं केला. त्यांच्याच प्रयोगशाळेचा, त्यांच्याच माणसाच्या सहीचा. तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यात चांगली मंडळी उतरलेली, उपद्रवी चढलेली. आणि पांढरं पडल्याची पहिली नोंद त्यानंतरची. साहेब दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. मग वहीवर बोट ठेवलं. "आणि हे भेंडी काय आहे?"

"वास. त्याच सकाळचा. प्रयोगशाळेला आठवडा लागला, नाकाला एक श्वास."

"कुणाचं नाक?"

"अर्धं माझं," मॅडम म्हणाल्या, "अर्धं आक्कांचं. म्हणजे ह्यांचं." आणि माझ्याकडं बोट. मी नेमकी चहाचा ट्रे घेऊन दारात.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, उद्या मी वरती काय लिहू? घरमालकीण हुंगते?"

"लिहू नका. आधी बघा," मॅडम म्हणाल्या.

मग जे झालं ते आमच्या मालकांनी दाराआडून बघितलंय, त्यामुळं मी वाढवून सांगतेय असं कोणी म्हणू नये. साहेबांनी मला खोलीबाहेर काढलं. उरलेल्या सहा पोवळ्यांची बुळबुळ स्वतः ओढली, स्वतः वाट्यांत घातली, वाट्यांची आलटापालट केली, तळाला आकडे चिकटवले. मग मला बोलावलं. मी पदराची पट्टी करून डोळ्यांवर बांधली. मॅडमची तीन वर्षं माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलेली.

पहिली वाटी. "ओला दगड." दुसरी. "ओला दगड." तिसरी. "हिच्यात भेंडी हाय, पण उतरतीची. बरी व्हायच्या नादात हाय." चौथी दगड. पाचवी दगड. सहावी परत भेंडी. मी पट्टी सोडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "अजून एक आहे."

सातवी? पोवळी तर सहा. मी वाटी नाकाशी धरली. एकदा हुंगली, दुसऱ्यांदा हुंगली. काहीच येईना. माझं नाक गेलं की काय, म्हणून मी आपल्या हाताचा वास घेतला, फोडणीचा आला. परत वाटी.

"साहेब," मी म्हटलं, "ह्यात कोणीच राहत न्हाई. हे कोरं मिठाचं पाणी हाय. तुम्ही मला फसवून राहिलात."

साहेब एकदम हसले. असे हसले, की फाईल खाली पडली. वाट्या उलट्या करून आकडे बघितले, कागदाशी ताडले, आणि मॅडमकडं वळून म्हणाले, "सातही बरोबर." मॅडम टाकीला टेकून उभ्या होत्या, आणि मी शपथेवर सांगते, आतली पोवळी त्यांच्यापेक्षा शांत होती. दाराआडून मालकांनी टाळी वाजवली आणि लाजून परत दुकानात पळाले.

दीड महिन्यानंतर नांदेडच्या सभागृहात मॅडमनी हे सगळं मोठ्या पडद्यावर दाखवलं. मी पहिल्या रांगेत होते, नव्या इरकलीत. पडद्यावर चार तपकिरी पोवळी, आणि शेजारी माझ्या मांजरपाटाच्या पट्टीचा फोटो. मॅडम म्हणाल्या, हे मला एका अशा बाईनं शिकवलं, जिनं समुद्र पाहिलेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं राहायला सांगितलं तर मी उभी राहिले, आणि काय बोलावं ते कळेना, म्हणून म्हटलं, "सव्वीस!" सगळं सभागृह गोंधळलं, आणि मंचावर मॅडम एकट्याच खळखळून हसल्या.

आता त्या समुद्रकाठीच असतात, पोवळ्यांच्या रोपवाटिकेत, तिथल्या पोरापोरींना हुंगायला शिकवून राहिल्यात. मागच्या हिवाळ्यात मला घेऊन गेल्या. मी पहिल्यांदा समुद्र बघितला. सगळे म्हणतात, केवढा मोठा, केवढा निळा. मी काठावर उभी राहिले, डोळे मिटले, आणि हुंगला. आमच्या माडीवरचा होता, तोच.

पण साहेब आले त्या दिवसाचं शेवटचं राहिलं.

चहा झाला, पुढच्या परवान्याचे कागद टेबलावर तसेच, बिनसहीचे. साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि घुटमळले. मग माझ्याजवळ येऊन, मॅडमना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "आक्का, जरा एक विचारू का? देगलूरला आमच्या आईचं दही असं लागायचं, की वडी कापावी. ती गेल्यापासून आमच्या घरात दर उन्हाळ्यात तार धरून राहिलंय. ती पट्टी तेवढी... एखादी मिळेल का?"

एवढा मोठा माणूस, दोन्ही हात पुढं केलेले. मी डबा काढला, सगळ्यात चांगली, हिवाळ्यातली पट्टी निवडली, आणि त्यांच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात मागून मॅडमचा हात आला. पट्टी माझ्या बोटांतून अलगद काढून घेतली, आणि नव्या परवान्याचा कागद पुढं सरकवला. अंबाड्यातली पेन्सिल काढली, ती चालणार नाही हे लक्षात आलं, परत खोचली आणि मालकांच्या गल्ल्यावरचं पेन मागवलं.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "आधी सही."